एकवीस दिवसांचं स्थळ

आमच्या थोरल्या काकांनी आयुष्यात सोळा लग्नं जमवली आणि एक कॉलेज. लग्नांपैकी पंधरा सुखाची झाली, सोळाव्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. कॉलेजबद्दल मात्र काका शेवटपर्यंत बोलत राहिले. पोरगी इंजिनियर झाली ती आम्ही नीट बघून दिली म्हणून, असं ते ज्याला त्याला सांगत. त्यात खोटं काही नाही. फक्त ते बघणं कसं पार पडलं हे ते सांगत नसत, म्हणून मी सांगते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. वडीगोद्रीच्या हायस्कूलमधून मी दहावीची परीक्षा दिली होती आणि निकालाला वेळ होता. माझं पुढचं सगळं घरात ठरलेलं होतं. अंबडला अकरावी-बारावी आर्ट्स, मग डीएड, मग नोकरी लागली नाही तर लग्न, आणि लागली तरी लग्न. मला इंजिनियर व्हायचं होतं. इंजिनियर दिवसभर करतो काय, हे मला धड माहीत नव्हतं. पण अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, हायवेच्या कडेला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं आणि शाळा सुटली की मी तिथंच पडलेली असे. उघडलेल्या मोटारीच्या पोटात बघितलं की मला हसू यायचं. विनोद काही नसायचा, नुसतंच हसू. अण्णा म्हणायचे, "काय गं, गुदगुल्या होऊन राह्यल्या का तुला?" होतच होत्या.

आमचे विज्ञानाचे सर सुट्टीतही दुकानावर चहाला येत. एके दिवशी त्यांनी खिशातून तीन कागद काढले. एक वर्तमानपत्राचं कात्रण होतं. औरंगाबादच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात दहावी झालेल्या मुलामुलींसाठी उन्हाळी शिबिर, एकवीस दिवस, मुलींची राहायची सोय हॉस्टेलवर, सकाळी वर्कशॉप, दुपारी ड्रॉइंग, आणि शेवटी स्वतः बनवलेली वस्तू घेऊन घरी. दुसरा कागद जालन्याच्या एका तंत्रशाळेचा होता. तिथं बारा दिवसांचं तसंच काहीतरी होतं. तिसरं पुण्याचं माहितीपत्रक, इतकं गुळगुळीत की माशीसुद्धा घसरावी.

"यातलं एक निवडा," सर अण्णांना म्हणाले. "एकदा आत जाऊन बघू द्या तिला. मग आर्ट्स का सायन्स ते ठरवा."

अण्णांनी तिन्ही कागद दोनदा वाचले, घडी घातली आणि म्हणाले, "दादाला इचारतो."

झालं. अण्णा काकांपुढे बोलत नसत. बोलायची वेळ आलीच तर खाकरत. आणि आमच्या घरातली मुलगी तोवर नात्यागोत्याबाहेर एक रात्रही राहिलेली नव्हती. म्हणजे सगळं काकांच्या एका शब्दावर आलं. ते हो म्हणाले तर शिबिर, आणि शिबिर जमलं तर सायन्स. नाही म्हणाले तर अंबडचा आर्ट्सचा वर्ग काही पळून जात नव्हता.

काकांनी नाही म्हटलं नाही. ते उठून ताठ बसले. त्या वर्षी भावकीत लग्नाचं कुणी उरलं नव्हतं आणि काका दोन महिने नुसते बसून होते. त्यांनी चष्मा लावला, कागद मांडीवर पसरले आणि डोळे चमकवत म्हणाले, "तीन हायेत का? मंग बघायला जावं लागंल."

माणूस ज्या कामात मुरलेला असतो, ते काम त्याला सगळीकडे दिसतं. काकांना ती तीन स्थळं दिसली. पुण्याचं स्थळ त्यांनी फोटोवरूनच नाकारलं. "झाडंच झाडं हायेत. माणूस एक न्हाई. अशा घरात पोरगी द्यायची म्हंजे आफत." मी म्हणाले, काका, तो बगीचा आहे. ते म्हणाले, "तेच म्हणतो मी."

जालन्याला आम्ही तिघं गेलो. काका, अण्णा आणि मी. काकांनी कडक धोतर, नवी टोपी आणि बघण्याच्या दिवशी घालायचा तो खास काळा कोट घातला होता. मे महिन्यात. जालन्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा कोटातून वाफ निघायची तेवढी बाकी होती. तंत्रशाळेतल्या सरांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पंखा लावला, आणि काकांनी विचारायला सुरुवात केली. शाळा किती वर्षांची? मूळ कुठली? पाणी किती दिसाआड येतं? माणसं किती? भांडणं न्हाईत ना आपसात? सर बिचारे भले. त्यांनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. भांडणांच्या प्रश्नाला जरा वेळ घेतला, पण दिलं.

सहाव्या की सातव्या प्रश्नाला निघालं की सरांची आत्या काकांच्या सासरवाडीत दिलेली. संपलं. "आरं, म्हंजे तुम्ही पाव्हणेच की!" काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि पुढचे दोन तास कोण कुणाचा कोण, याचा हिशोब लागला. शिबिराबद्दल एक अक्षर निघालं नाही. मी तेवढ्यात बाहेर जाऊन वर्कशॉप शोधलं. त्याला कुलूप होतं. खिडकीच्या काचेला नाक लावलं तर आत ताडपत्रीखाली काहीतरी भलं मोठं झाकलेलं दिसलं. लेथ असणार, लोखंड कातायचं यंत्र. मला इतकं वाईट वाटलं! मिठाईच्या दुकानासमोर उभं राहावं आणि दुकानदारानं पडदा ओढावा, तसं. परत आले आणि सरांना विचारलं. ते म्हणाले, किल्ली ज्यांच्याकडे असते ते लग्नाला परतूरला गेलेत.

काका खूष झाले. "लग्नाला गेले ना? मंग माणसं घरंदाज हायेत."

मग पेढे आले. इथं एक सांगायला हवं. आमच्याकडे स्थळ बघायला गेलं की चहा पितात, पोहे खातात, पण गोड खात नाहीत. गोड खाल्लं म्हणजे तोंड गोड झालं, म्हणजे ठरलं. काकांनी स्वतः किती जणांच्या हातातले लाडू खाली ठेवायला लावले होते. पण सरांना नुकताच नातू झाला होता, पेढे त्याचे होते, आणि पाव्हण्यांना नाही कसं म्हणायचं? काकांनी पेढा खाल्ला. अण्णांनी खाल्ला. वर सरांनी काकांच्या ओंजळीत नारळ ठेवला. परतीच्या बसमध्ये काका नारळ मांडीवर घेऊन म्हणाले, "ठरलं म्हणायचं. बारा दिवस तिथल्याच मावशीकडं राहील, रोज जाईल-येईल. बिलकुल झकास."

पेढा मीही खाल्ला होता. आपल्याच विरुद्ध. आणि चांगला होता, याचा राग अजून येतो.

घरी आल्यावर मी आईच्या मागे स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. ती भाकरी थापत होती. न बघता म्हणाली, "तुला कोणतं पसंत हाये?"

हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हणाले, "औरंगाबाद."

"न बघताच?"

"न बघताच."

"मी बी न बघताच आल्ते," आई म्हणाली आणि स्वतःशीच हसली. भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले, डोक्यावरचा पदर नीट केला आणि बाहेर बैठकीत गेली. काकांसमोर ती सहसा दारातून बोले. त्या दिवशी उंबऱ्याच्या आत आली.

"भाऊजी, मला बघायला तुम्हीच आल्ते ना? तवा तुम्ही आमच्या चुलीपर्यंत येऊन बघितलं. पाण्याचा रांजण उघडून बघितला. गोठ्यात जाऊन म्हशीचे दात मोजले. आन् जालन्याला खोलीचं कुलूप बी काढायला लावलं न्हाई?"

म्हशीच्या दातांचं काका विसरले असावेत. आणि मग एक अजब घडलं. अण्णा खाकरले, आणि खाकरून झाल्यावर चक्क बोलले. "एकच घर बघून हो म्हणू नये, असं तुम्हीच म्हणता, दादा."

स्वतःचाच नियम कुणी तोंडावर फेकला की माणसाची पंचाईत होते. काकांनी नारळाकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि म्हणाले, "बघायला काय जातंय. बघू. पण ठरलेलं हाये, हे ध्यानात ठेवा." मी आत पळाले आणि पिठाच्या डब्यामागे बसून तोंड दाबून हसले. का हसले, कुणास ठाऊक. अजून काहीच झालं नव्हतं.

औरंगाबादला आम्ही सकाळच्या बसनं गेलो. पुन्हा तोच कोट. कॉलेजचं वर्कशॉप चक्क उघडं होतं, सताड उघडं, आणि आतून तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास येत होता. तो वास दुकानातला होता, पण शंभर दुकानांचा. दारात खाकी एप्रन घातलेल्या एक बाई उभ्या होत्या. हात कोपरापर्यंत काळे. काकांनी नमस्कार करून विचारलं, "घरातलं मोठं माणूस कोण हाये?"

"शिबिराचं विचारत असाल तर मीच," त्या म्हणाल्या. "फॉर्म कुणाचा, तुमचा?"

"आमच्या पुतणीचा. आम्ही बघायला आलो."

"छान. मलाही तिला बघायचंच आहे. जागा तीस आहेत आणि मुलं बरीच आलीत, म्हणून प्रत्येकाला बघूनच घेतोय. चल गं."

काकांचा चेहरा मी विसरणार नाही. ते जागच्या जागी थांबले. अण्णांच्या कानाशी लागून, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "आरं, हे तर आपल्याला बघून राह्यले!" आणि मग, जरा वेळानं, "म्हंजे आपण पोरीकडचे झालो की."

सोळा लग्नांत काका बहुतेक वेळा मुलाकडून गेलेले. लोडाला टेकून बसणं, पोह्यांत मीठ कमी आहे म्हणणं, कळवतो सांगून उठणं, हे सगळं त्यांना येत होतं. मुलीकडून बसायची सवय कमी. पण माणूस तयारीचा. त्यांनी तोंडातली सुपारी थुंकून टाकली, टोपी सारखी केली, आणि आत पायावर पाय न टाकता स्टुलाच्या अगदी कडेवर बसले. आवाजसुद्धा बदलला. "पोरगी गुणाची हाये मॅडम. सैपाक, भरतकाम, सगळं येतं."

"मोटार येते का?" मॅडमनी मला विचारलं.

आणि टेबलावर एक ट्रे ठेवला. त्यात अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप होता, सगळा सुटा केलेला. शाफ्ट, बेअरिंगं, पंखा, नट, बोल्ट, वायसर. "जोडून दाखव."

हसू आवरणं मला जड गेलं. खरं सांगते, त्या दिवसापर्यंत इतका आनंद मला कशानंच झाला नव्हता. इतर मुलं काय करत होती ते मला दिसलंच नाही. हातांना सगळं माहीत होतं, मी फक्त त्यांच्यामागून जात होते. शेवटचा बोल्ट आवळला, शाफ्ट बोटानं फिरवला, फिरला. मी मान वर केली. मग खाली बघितलं. ट्रेमध्ये एक वायसर उरला होता.

मी तो बघितला त्याच क्षणी काकांनी बघितला. आणि काकांच्या हातानं जे केलं ते त्यांनी स्वतः ठरवून केलं असेल, असं मला वाटत नाही. मुलीकडच्या माणसानं मुलीचं उणं झाकायचं असतं, ती रीत हाडात मुरलेली. मॅडम दुसरीकडे वळल्या होत्या. काकांनी हात पुढे केला, वायसर उचलला आणि कोटाच्या खिशात टाकला. मग छताकडे बघत बसले, जणू तिथं काहीतरी पाहण्यासारखं होतं.

"काका," मॅडम वळून म्हणाल्या, "वायसर द्या."

"कोणता?"

"खिशातला."

अण्णांनी डोळे मिटून घेतले. काकांनी खिशातून आधी अडकित्ता काढला, मग पानाची चंची, मग एक बसचं तिकीट, आणि शेवटी वायसर. टेबलावर ठेवताना म्हणाले, "जादाचा असंल, असं वाटलं." मी शरमेनं लाल झाले होते आणि त्याच वेळी पोटात हसू इतकं दाटलं होतं की आता बाहेर पडलं तर गेलंच सगळं, असं वाटत होतं. औरंगाबाद, सायन्स, सगळं त्या एका वायसरवर आलं होतं.

"जादाचा नाही, मॅडम," मी म्हणाले. "माझाच राहिला. बेअरिंगच्या मागं असणार. परत उघडू का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग काकांकडे. "उघड," म्हणाल्या. मी उघडला, वायसर बेअरिंगच्या मागेच जात होता, बसवला, पुन्हा जोडला. दुसऱ्या वेळी कमी वेळ लागला. मॅडमनी एक फॉर्म माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाल्या, "भर." एवढंच. मी वर बघत राहिले तेव्हा पुन्हा म्हणाल्या, "भर की. घेतलं तुला."

फॉर्मवर एक रकाना होता, आवड. काका मागून वाकून म्हणाले, "विणकाम लिही." मी लिहिलं, मोटारी उघडणे.

आता प्रश्न जालन्याचा. काकांच्या लेखी आम्ही एका घरी पेढा खाल्ला होता आणि दुसऱ्या घरी होकार दिला होता. हे त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उठून, तोच नारळ पिशवीत घालून, ठरलेलं मोडायला ते एकटे जालन्याला गेले. अण्णा सोबत येतो म्हणाले तर नको म्हणाले. असल्या कामाला एकट्यानंच जायचं असतं म्हणे, शिव्या एकट्यानं खाता येतात.

दुपारी परत आले ते नारळ घेऊनच, आणि ओसरीवर बसून स्वतःशीच मान हलवत हसायला लागले. आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. काका म्हणाले, "पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले मी त्यांचे. म्हणलं पाव्हणं, माफी करा, शब्द मोडतो. तर ते माह्याकडं बघूनच राह्यले. म्हणले, कशाचा शब्द? मी म्हणलं, पोरीचा. तर म्हणले, अहो, पण तुम्ही फॉर्म कुठं भरला?"

फॉर्म! दोन तासांत आत्या निघाली, सासरवाडी निघाली, नातू निघाला. फॉर्म कुणी मागितला नव्हता आणि कुणी दिला नव्हता. आई पदर तोंडात कोंबून आत पळाली. अण्णा दुकानाचं निमित्त करून बाहेर पडले आणि हायवेपर्यंत त्यांचं हसणं ऐकू येत होतं. काकांनी तो नारळ तिथंच फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं.

शिबिराच्या पहिल्या दिवशी मला पोचवायला काका आणि अण्णा आले. आई येणार नव्हती. तिनं माझ्या पिशवीत चिवड्याचा डबा आणि दोन जुनी धडुती घातली, तेलाचे हात पुसायला. बस निघेपर्यंत ती खिडकीखाली उभी होती. रडत नव्हती. लग्नाची वरात बघायला उभं राहावं तशी टाचा उंचावून माझ्याकडे बघत होती.

हॉस्टेलच्या फाटकाशी मॅडम उभ्या होत्या. माझी पिशवी वॉचमननं घेतली. आता जायचं, एवढ्यात काकांनी टोपी काढली, दोन्ही हात जोडले आणि मांडवातून मुलगी निघते तेव्हा तिच्या घरची माणसं म्हणतात ते म्हणू लागले. कितीतरी लग्नांत त्यांनी ते समोरच्याकडून ऐकलं होतं. "लेकरू आजून लहान हाये, मॅडम. बाहेरचं काही माहीत न्हाई तिला. काही चुकलं-माकलं तर पोटात घाला." आणि पुढचं त्यांना म्हणता येईना. माझ्या लग्नाच्या वेळी काका इतके हलले नाहीत, हे मी शपथेवर सांगते.

मॅडम जरा गोंधळल्या. मग त्यांनी काकांचे जोडलेले हात खाली केले. म्हणाल्या, "काका, इथं ती चुकायलाच आलीय. घरी चुकू देत नाहीत ना कुणी, म्हणून."

काकांना ते पटलं की नाही, कळलं नाही. त्यांनी टोपी घातली आणि अण्णांना म्हणाले, "चल, जल्दी. बस निघंल." मी आत पळाले. पाया पडायचं राहूनच गेलं. आठवलं तेव्हा वळले, तर दोघं रस्ता ओलांडून गेले होते.

त्याच दिवशी पहिल्या तासाला लोखंडाची पट्टी कापताना माझ्या हातून हॅक्सॉचं पातं तुटलं. कट्कन आवाज आला आणि सगळ्या मुलांनी वळून बघितलं. मी पात्याचे दोन तुकडे हातात धरून उभी राहिले. घरी बशी फुटली की पुढे काय होतं ते मला माहीत होतं, म्हणून मी त्याची वाट बघत होते. मॅडम आल्या, तुकडे बघितले, म्हणाल्या, "जोर जास्त लावलास," आणि कपाटातून दुसरं पातं काढून दिलं. तेही संध्याकाळी तुटलं. त्यांनी तिसरं दिलं.

मी हे सगळं पत्रात लिहून घरी पाठवलं. आठवड्यानं उत्तर आलं, पोस्टकार्डावर, काकांच्या मोठ्या वळणदार अक्षरात. त्यात शेतीचं, हवापाण्याचं, अण्णांच्या पाठदुखीचं काही नव्हतं. लिहिलं होतं: 'दोन पाती तुटल्याचं कळलं. कुणी काही बोललं नाही आणि तिसरं दिलं, हे तुझ्या आईनं दोनदा वाचून घेतलं. घर चांगलं मिळालं. अंबडला सायन्सचा फॉर्म आणायला अण्णाला आजच पाठवत आहे. या वेळी फॉर्म आधी भरू, बाकीचं मागून बोलू.'

मी ते कार्ड एप्रनच्या खिशात घातलं आणि वर्कशॉपमध्ये गेले. त्या दिवशी आमच्या गटाला लेथवर पहिल्यांदा उभं केलं होतं. मला इतकं हसू येत होतं की शेवटी मॅडमनी मशीन बंद करून विचारलं, काय झालं. मी म्हणाले, "मॅडम, घरून होकार आला."